मार्कोव्हने वीस हजार अक्षरं का मोजली? ‘स्वतंत्र घटनां’वरून झालेलं एक भांडण

‘तुझा पीएचडीचा विषय काय?’ असं कुणी विचारलं की मी हल्ली सांगते, ‘स्वतंत्र’ या शब्दाचा इतिहास. ऐकणाऱ्याला वाटतं 1857, नाहीतर 1942. मग सांगावं लागतं की नाही हो, संभाव्यतेतला ‘स्वतंत्र’. दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत की नाहीत, हे ठरवायचं कसं, याचा इतिहास. इथे बहुतेकांचा उत्साह मावळतो. त्यांच्यासाठीच आजची पोस्ट आहे, कारण या शब्दावरून रशियात शंभरेक वर्षांपूर्वी जे भांडण झालं त्यात देव, गुन्हेगारी, झारचं सरकार आणि पुश्किनची कविता असं सगळं आहे.

आधी व्याख्या उरकून घेऊ. अ आणि ब अशा दोन घटना घ्या. दोन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता ही अ-च्या आणि ब-च्या संभाव्यतांच्या गुणाकाराइतकी असेल, तर त्या स्वतंत्र. नसेल तर अवलंबी. बस, इतकंच. यात कारण, प्रभाव, संबंध यांतला एकही शब्द नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक फासा टाका. अ म्हणजे ‘सम संख्या आली’. ब म्हणजे ‘4 किंवा त्याहून लहान संख्या आली’. एकाच फाशाच्या, एकाच फेकीतल्या या दोन घटना. कुणीही म्हणेल की या एकमेकींत अडकलेल्या असणार. मोजून बघा. अ-ची संभाव्यता 1/2, ब-ची 2/3, गुणाकार 1/3. आणि दोन्ही एकत्र म्हणजे 2 किंवा 4 येणं, त्याची संभाव्यता 2/6, म्हणजे 1/3 च. चक्क स्वतंत्र! आता ब थोडी बदला: ‘3 किंवा त्याहून लहान’. गुणाकार 1/4, पण दोन्ही एकत्र म्हणजे फक्त 2 येणं, 1/6. स्वतंत्रता गेली. फासा तोच, हात तोच, प्रश्नातला एक आकडा बदलला आणि उत्तर उलटलं. घटनांकडे नुसतं बघून हे सांगता येत नाही, ते मोजावंच लागतं.

पण व्याख्येचं हे कोरडं रूप बरंच उशिराचं आहे. अब्राहम द म्वाव्र या फ्रान्समधून परागंदा होऊन लंडनला आलेल्या गणितज्ञाने आपल्या जुगाराच्या गणितावरच्या पुस्तकाच्या 1738 च्या आवृत्तीत स्वतंत्र घटनांची व्याख्या दिली. तिचा मथितार्थ असा, की दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नसेल आणि एक घडल्याने दुसरीला ना मदत होत असेल ना अडथळा, तर त्या स्वतंत्र. ऐकायला छान आहे. आपण रोजच्या बोलण्यात हेच म्हणतो. पण यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. ‘संबंध नसणं’ ही जगाबद्दलची गोष्ट झाली आणि ‘संभाव्यता न बदलणं’ ही आकड्यांबद्दलची. पुढची दीडेकशे वर्षं ही गाठ कुणाला फारशी खुपली नाही. कारण उदाहरणं बहुतेक फासे, पत्ते आणि पिशवीतल्या सोंगट्यांची असायची, आणि तिथे दोन्ही गोष्टी साधारण बरोबरच चालतात.

ती खुपायला लागली ती माणसं मोजायला लागल्यावर.

बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले याने 1820 आणि 1830 च्या दशकांत फ्रान्समधल्या गुन्ह्यांचे आकडे तपासले. त्याला दिसलं की दरवर्षी खटल्यांची संख्या, शिक्षा होणाऱ्यांचं प्रमाण, एवढंच काय, खुनासाठी वापरलेल्या हत्यारांची वाटणीसुद्धा जवळपास तीच राहते. त्याचं 1835 चं पुस्तक युरोपभर गाजलं आणि एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहिला. पुढच्या वर्षी किती खून होणार हे आधीच सांगता येत असेल, तर खून करणाऱ्याने तो स्वतःच्या इच्छेने केला असं म्हणायचं का? मग पाप कशाला म्हणायचं, आणि शिक्षा कुठल्या तोंडाने द्यायची? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर ढिगाने लिहिलं गेलं. त्यातलं बरंचसं आज वाचवत नाही (मला वाचावं लागतं).

आता मॉस्कोला जाऊ. पावेल अलेक्सेयेविच नेक्रासोव्ह, जन्म 1853. आधी रियाझानच्या धर्मशाळेत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत शिकला, मग मॉस्को विद्यापीठात गणिताकडे वळला, पुढे त्याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि नंतर सरकारच्या शिक्षणखात्यात वर चढला. झारचा आणि चर्चचा निष्ठावान माणूस. त्याला केटलेच्या आकड्यांमुळे माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावर येणारं संकट परतवायचं होतं, आणि 1902 मध्ये त्याने त्यासाठी जी युक्ती काढली ती खरंच हुशारीची होती. त्याने केटलेचे आकडे नाकारले नाहीत. तो म्हणाला, हेच आकडे माझे साक्षीदार.

त्याचा युक्तिवाद असा. मोठ्या संख्यांचा नियम आपल्याला माहीत आहे: याकोब बर्नुलीने सिद्ध केलेला, 1713 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापला गेलेला. नाणं पुष्कळ वेळा उडवलं की छापांचं प्रमाण निम्म्याजवळ स्थिरावतं. रशियाच्या चेबिशेव्हने 1867 मध्ये या नियमाची फार व्यापक आणि सुटसुटीत सिद्धता दिली, आणि तिच्यात गृहीत धरलंय की घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. आता गुन्हे, लग्नं, आत्महत्या यांचे आकडे बघा. तेही स्थिरावतात. म्हणजे ते मोठ्या संख्यांचा नियम पाळतात. म्हणजे त्यांच्यामागच्या एकेका माणसाच्या कृती स्वतंत्र असल्या पाहिजेत. आणि कृती एकमेकींपासून स्वतंत्र, म्हणजे माणूस स्वतंत्र. इच्छास्वातंत्र्य सिद्ध!

युक्तिवाद पटकन वाचला तर पटतोही. पण त्यात दोन उड्या आहेत. दुसरी उडी शब्दाची आहे. गणितातला ‘स्वतंत्र’ आणि नीतिशास्त्रातला ‘स्वतंत्र’ यांचं फक्त नाव एक आहे. दोन फासे एकमेकांपासून स्वतंत्र असतात म्हणून काही त्यांना इच्छा असते असं नाही. ही उडी तत्त्वज्ञांवर सोडू. पहिली उडी मात्र अस्सल गणिती आहे. स्वतंत्रता असेल तर सरासरी स्थिरावते, हे बरोबर. पण सरासरी स्थिरावली म्हणजे स्वतंत्रता असणारच? पाऊस पडला की रस्ता ओला होतो. म्हणून ओला रस्ता दिसला की पाऊस पडला असं होत नाही, पाण्याचा टँकर गळत गेला असेल.

अर्थात नुसतं असं म्हणून नेक्रासोव्ह गप्प बसला नसता. रस्ता ओला करणारा टँकर दाखवायला हवा होता. म्हणजे घटना एकमेकींवर अवलंबून आहेत आणि तरीही सरासरी स्थिरावते, असं एक उदाहरण. एकच पुरे.

ते काम केलं सेंट पीटर्सबर्गच्या आंद्रेई आंद्रेयेविच मार्कोव्हने. हा 1856 चा, जन्म रियाझानचाच, आणि स्वभावाने नेक्रासोव्हचं दुसरं टोक. नास्तिक, सरकारवर सतत वैतागलेला, भांडायला एका पायावर तयार. 1902 मध्ये मॅक्झिम गॉर्कीची अकादमीवरची निवड झारच्या नाराजीमुळे रद्द झाली तेव्हा मार्कोव्हने निषेध नोंदवला. टॉलस्टॉयला चर्चने 1901 मध्ये बहिष्कृत केलं होतं, तर 1912 मध्ये मार्कोव्हने धर्मसभेला स्वतःच पत्र पाठवून ‘मलाही बहिष्कृत करा’ अशी मागणी केली. नेक्रासोव्हचं लिखाण त्याला गणिताचा गैरवापर वाटायचं आणि तसं तो लपवून ठेवत नव्हता. त्याची भाषा वाचताना मला कधीकधी नेक्रासोव्हची दया येते. मात्र या रागातून गणितात जे निघालं ते रागापेक्षा पुष्कळ मोठं होतं.

1906 मध्ये कझानच्या एका गणिती नियतकालिकात मार्कोव्हचा लेख आला. विषय: एकमेकांवर अवलंबून असणाऱ्या राशींपर्यंत मोठ्या संख्यांच्या नियमाचा विस्तार. यातली कल्पना माझ्या उदाहरणाने सांगते. समजा एखाद्या गावात पावसाळ्यात आज पाऊस असेल तर उद्याही असण्याची संभाव्यता 0.8, आणि आज कोरडं असेल तर उद्या पाऊस येण्याची 0.4. (आकडे माझ्या मनचे.) आजचा दिवस उद्यावर परिणाम करतो, यात शंका नाही. आता दीर्घकाळात पावसाच्या दिवसांचं प्रमाण किती असेल? त्या प्रमाणाला प म्हणू. ते टिकून राहायचं असेल तर प = 0.8 × प + 0.4 × (1 − प) असायला हवं. सोडवा, प येतो 2/3. आणि तीन हजार दिवस मोजले तर साधारण दोन हजार पावसाचे निघणारच, सरासरी अगदी गुमान स्थिरावणार. पण स्वतंत्रतेची परीक्षा घ्या: लागोपाठ दोन दिवस पाऊस येण्याची संभाव्यता स्वतंत्र असते तर 2/3 × 2/3, म्हणजे 0.44 असती. प्रत्यक्षात आहे 2/3 × 0.8, म्हणजे 0.53. स्वतंत्र नाहीत, तरीही नियम पाळतात. नेक्रासोव्हची पहिली उडी इथे खड्ड्यात पडली.

अशा रचनेला मार्कोव्हने ‘साखळी’ म्हटलं. आज ‘मार्कोव्ह चेन’ हा शब्द इंजिनिअरिंगच्या मुलांना पाठ असतो. ही साखळी मूळची एका धर्मशास्त्री प्रतिपक्षाला खोटं पाडायला घडवली होती, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

आणि आता पुश्किन. मार्कोव्हला कागदावरचं उदाहरण मिळालं होतं, खऱ्या जगातलं हवं होतं. 23 जानेवारी 1913 रोजी त्याने अकादमीपुढे एक निबंध वाचला. ‘येव्गेनी अनेगिन’ या पुश्किनच्या पद्य-कादंबरीतली पहिली 20,000 अक्षरं त्याने घेतली, म्हणजे पूर्ण पहिला अध्याय आणि दुसऱ्यातली सोळा कडवी. मधल्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं काढून टाकली, रशियन लिपीतली उच्चार नसलेली दोन चिन्हंही वगळली, आणि उरलेलं सगळं दहा बाय दहाच्या 200 चौकटींत भरून प्रत्येक अक्षर स्वर की व्यंजन हे हाताने मोजलं. कॉम्प्युटर नाही, काही नाही. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी.

निघाले 8,638 स्वर आणि 11,362 व्यंजनं. म्हणजे कुठलंही एक अक्षर स्वर असण्याची संभाव्यता 0.432. आता प्रश्न आपलाच, सुरुवातीचा: ‘हे अक्षर स्वर आहे’ आणि ‘पुढचं अक्षर स्वर आहे’ या दोन घटना स्वतंत्र आहेत का? असत्या तर स्वरामागोमाग स्वर अशा जोड्या 0.432 × 0.432 × 20,000, म्हणजे सुमारे 3,730 सापडायला हव्या होत्या. सापडल्या 1,104. व्यंजनामागे व्यंजन अशा जोड्या सुमारे 6,450 अपेक्षित, सापडल्या 3,827. दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं तर स्वरानंतर स्वर येण्याची संभाव्यता 0.128 आणि व्यंजनानंतर स्वर येण्याची 0.663. कवितेतली अक्षरं शेजाऱ्याचं तोंड बघून वागतात.

इथे एक रास्त शंका येते. मोजणीत गुणाकार अगदी तंतोतंत कधीच जुळत नाही. खरोखर स्वतंत्र असलेल्या घटनांतही थोडं इकडेतिकडे होणारच. मग किती फरक पडला म्हणजे ‘अवलंबी’ म्हणायचं? त्यासाठी कार्ल पिअर्सनची काय-वर्ग कसोटी 1900 पासून होती आणि आज आपण तीच वापरतो. पण इथे तिची गरजही नाही. अक्षरं स्वतंत्र असती तर योगायोगाने दीडदोनशे जोड्यांचा फरक पडणं समजण्यासारखं होतं, अडीच हजारांवरचा नाही.

माझ्या मते निबंधातला सगळ्यात देखणा भाग मात्र वेगळाच आहे. मार्कोव्हने शंभर-शंभर अक्षरांचे गट करून प्रत्येक गटात किती स्वर येतात ते बघितलं. सरासरी 43.19. पण या सरासरीभोवतीचा पसारा, म्हणजे व्हेरियन्स, किती? अक्षरं स्वतंत्र असती तर तो साडेचोविसाच्या आसपास यायला हवा होता. आला 5.114. म्हणजे परावलंबी अक्षरांची सरासरी स्वतंत्र अक्षरांपेक्षाही जास्त स्थिर! कारण स्वर आला की पुढे व्यंजन येण्याकडे ओढा असतो, त्यामुळे एखाद्या गटात स्वरांची गर्दी किंवा टंचाई फार होतच नाही. नेक्रासोव्हला स्थिरतेत स्वतंत्रता दिसत होती. इथे ती स्थिरता परावलंबनातूनच आलेली होती.

आणि तो इथेही थांबला नाही. पुढचं अक्षर फक्त एका मागच्या अक्षरावर अवलंबून आहे का, की दोन मागच्यांवर? परीक्षा तीच, एक पायरी वर. फक्त लगतच्या अक्षराने फरक पडत असता तर तीन व्यंजनं लागोपाठ सुमारे 1,290 वेळा यायला हवी होती. आली 505 वेळा. तीन स्वर 141 च्या आसपास अपेक्षित, आले 115. म्हणजे साधी साखळीही रशियन भाषेला पुरत नाही, हे त्याने स्वतःच दाखवलं आणि दोन अक्षरं मागे बघणारी साखळी मांडली.

मराठीत हे करून बघावं असं मला फार वाटतं, पण देवनागरी पहिल्याच पायरीला अडवते. चिन्हं मोजली तर सुटे स्वर फारच कमी सापडतील, कारण बहुतेक सगळे काना-मात्रा होऊन व्यंजनांना चिकटलेले. ध्वनी मोजायचे तर ‘घर’मधला शेवटचा, बोलताना गळणारा ‘अ’ धरायचा की सोडायचा? ज्ञानेश्वरी म्हणताना धरायचा आणि बातमीपत्र वाचताना सोडायचा? आकडे मोजण्याआधी घटना कुठली, हे ठरवण्यातच निम्मं संशोधन जातं.

नेक्रासोव्हवर अन्याय नको म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. चेबिशेव्हच्या सिद्धतेला सगळ्या घटनांची एकत्रित स्वतंत्रता लागत नाही, प्रत्येक जोडी आपापसात स्वतंत्र असली तरी पुरते, हे त्याने ओळखलं होतं. ही बारीक नजर त्या काळात दुर्मीळ होती. फरक कळायला दोन नाणी घ्या. पहिल्यावर छाप, दुसऱ्यावर छाप, आणि दोन्हींवर सारखंच, अशा तीन घटना. यांतली कुठलीही जोडी तपासा, गुणाकार 1/4 आणि प्रत्यक्षही 1/4, स्वतंत्र. पण तिन्ही एकत्र घेतल्या तर गुणाकार येतो 1/8 आणि प्रत्यक्ष 1/4, कारण पहिल्या दोन घडल्या की तिसरी घडलीच. अशी उदाहरणं पुढे सर्गेई बर्नस्टाइनच्या नावाने प्रसिद्ध झाली. नेक्रासोव्हची गणिताची समज कमी होती असं म्हणूनच म्हणता येत नाही. त्याला उत्तर आधी हवं होतं, ही त्याची अडचण.

मार्कोव्हने इच्छास्वातंत्र्य नाही असं सिद्ध केलं, असंही कुठेकुठे वाचायला मिळतं. ते चूक आहे. त्याने फक्त एक वाट बंद केली: आकड्यांच्या स्थिरतेवरून माणसाच्या इच्छेबद्दल काही सांगण्याची. ही वाट दोन्ही बाजूंनी बंद झाली, केटलेचे आकडे दाखवून माणूस म्हणजे यंत्र आहे म्हणणाऱ्यांनाही.

भांडण पुढेही चालू राहिलं. 1913 हे बर्नुलीच्या पुस्तकाचं दोनशेवं वर्ष, तसंच रोमानोव्ह घराण्याच्या राज्याचं तीनशेवं. सगळा देश झारचा उत्सव करत असताना मार्कोव्हने अकादमीत मोठ्या संख्यांच्या नियमाचा समारंभ घडवून आणला. 1915 मध्ये नेक्रासोव्हने संभाव्यता शाळेत शिकवण्याची योजना पुढे केली, तेव्हा ती मोडून काढणाऱ्यांत मार्कोव्ह होताच. (योजना आपल्या आजच्या पाठ्यपुस्तकांकडे बघता तशी वाईट नव्हती.) मग क्रांती झाली आणि सेमिनरीत शिकलेल्या, झारशी एकनिष्ठ अशा गणितज्ञाचं नाव घ्यायला कुणी उरलं नाही. मार्कोव्हची साखळी राहिली. आणि 1933 मध्ये आंद्रेई कोल्मोगोरोव्हने संभाव्यतेचा नवा पाया घातला तेव्हा स्वतंत्रतेची व्याख्या गुणाकाराची, तीच कोरडी, कारणांबद्दल अवाक्षर न काढणारी. द म्वाव्रने बांधलेली गाठ तिथे अधिकृतपणे सुटली.

मार्कोव्ह 1922 मध्ये वारला. त्याच्या संभाव्यतेच्या पाठ्यपुस्तकाची शेवटची आवृत्ती 1924 मध्ये निघाली, नेक्रासोव्ह वारला त्याच वर्षी. तिच्यात आणखी एक मोजणी आहे, या वेळी अक्साकोव्हच्या गद्यातली: एक लाख अक्षरं.